एक नदी, अनेक ठाणी : दूरस्थ सहकार्याच्या प्रश्नाचा आढावा

पावसाळ्याच्या दिवसांत सातारा-सांगलीकडील कोणतेही वर्तमानपत्र उघडले, तर आतल्या एखाद्या कोपऱ्यात का होईना, कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर ही तीन नावे आणि त्यांच्यापुढे मिलिमीटरांचे आकडे छापलेले आढळतात. आणि ज्याचे घर, गोठा किंवा दुकान कृष्णाकाठी आहे असा वाचक राजकारणाच्या बातम्यांकडे वळण्यापूर्वी त्या तीन आकड्यांवरून नजर फिरवतो, मग कोयनेचा विसर्ग किती आहे ते पाहतो, आणि शेवटी सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आले आहे याचा मनाशी हिशेब करतो. या वाचकाला जलशास्त्राचे शिक्षण मिळालेले नसते. परंतु महाबळेश्वरच्या पठारावर काल पडलेला पाऊस उद्या-परवा आपल्या उंबऱ्याशी येणार, आणि मधल्या काळात आपण कधी न पाहिलेली अनेक माणसे त्या पाण्याविषयी निर्णय घेत असणार, हे त्याला पक्के ठाऊक असते.

एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेली, निरनिराळ्या खात्यांत, क्वचित निरनिराळ्या राज्यांत चाकरी करणारी, आणि प्रत्येकी एकाच वेळी चार-चार कामे अंगावर घेतलेली माणसे केवळ यंत्रांच्या द्वारे त्या-त्या क्षणी वार्ता देत-घेत एका विचाराने काम करू शकतात काय, हा प्रश्न २०२० च्या महामारीनंतर आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला. परंतु ती चर्चा बहुधा पुण्या-मुंबईच्या संगणक-कंपन्यांपुरती आणि घरी बसून काम करणाऱ्या नोकरदारांपुरतीच राहिली. तेथे सहकार्य फसले, तर एखादे काम आठवडाभर लांबते. कृष्णेच्या खोऱ्यात ते फसले, तर गाव पाण्याखाली जाते. म्हणून या प्रश्नाचा आढावा घ्यावयाचा, तर तो नदीच्या अंगाने घेणे मला अधिक सयुक्तिक वाटते. कारण अशा सहकार्यातील प्रत्येक गुण आणि प्रत्येक दोष तेथे पूर्ण किमतीनिशी प्रत्ययास येतो.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांपैकी कृष्णा वाईच्या अंगास उतरते आणि धोमच्या धरणात अडते. वेण्णा कण्हेरच्या धरणातून पुढे येऊन साताऱ्याजवळ संगम माहुलीस कृष्णेला मिळते. कोयना मात्र प्रथम दक्षिणेकडे बराच काळ सह्याद्रीच्या कुशीतून वाहते, शिवाजीसागर जलाशय भरते, आणि मग पूर्वेकडे वळून कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत विलीन होते. वाटेत उरमोडी व तारळी येऊन मिळतात, त्यांवरही धरणे आहेत. सांगली शहर ओलांडले की हरिपूरपाशी चांदोलीच्या धरणाकडून आलेली वारणा, आणि पुढे नरसोबाच्या वाडीस कोल्हापूरकडून आलेली पंचगंगा, अशा दोन मोठ्या नद्या कृष्णेला भेटतात. त्यानंतर शिरोळ तालुक्यातील राजापूरचा बंधारा, कर्नाटकातील हिप्परगी आणि अखेर आलमट्टी. सांगलीच्या खाली नदीचा उतार फार सौम्य आहे. त्यामुळे वारणा किंवा पंचगंगा फुगलेली असली, तर वरून आलेल्या कृष्णेला पुढे सरकण्यास वाव राहत नाही, आणि पाणी मागे हटून ओढ्या-नाल्यांच्या वाटेने वस्तीत शिरते. सांगलीचे स्वतःचे पर्जन्यमान अल्प. त्यामुळे डोक्यावर ऊन पडलेले असताना सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरात पाणी चढत आहे, असे दृश्य बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. तेथील रहिवाशाला त्याचे नवल नसते.

आता या एका प्रवाहावर किती कचेऱ्यांचा अंमल चालतो, ते पाहावे. पावसाची नोंद भारतीय हवामान खात्याकडे. धरणांची व्यवस्था जलसंपदा विभागाच्या निरनिराळ्या मंडळांकडे, ज्यांना लोक अजूनही पाटबंधारे खातेच म्हणतात. कोयनेची वीज महानिर्मितीकडे. नदीची पातळी मोजण्याचे काम काही ठिकाणी राज्याकडे, तर काही ठिकाणी केंद्रीय जल आयोगाकडे. लोकांना हलविण्याची जबाबदारी सातारा, सांगली आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यांच्या खाली तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक व पोलीस पाटील अशा उतरंडीकडे. बोटी व जवान पुण्याजवळ तळेगावला तळ असलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाकडे. आणि आलमट्टीचे दरवाजे कृष्णा भाग्य जल निगमाकडे, म्हणजे दुसऱ्या राज्याच्या सरकारकडे. यांतील एकाही कचेरीस संपूर्ण नदी दिसत नाही, आणि प्रत्येकीच्या हातात नदीचा एकेक तुकडा आहे.

दूर राहून एक काम करण्याची कला या मुलखाला अपरिचित मात्र नाही. महाबळेश्वरच्या पठारावरून पश्चिमेस प्रतापगड दिसतो, आणि त्याच्या पायथ्याशी जावळीचे खोरे पसरलेले आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाच्या भेटीचा निकाल लागताच गडावरून तोफेचा आवाज झाला, आणि रानात ठिकठिकाणी दबा धरून बसलेल्या मराठी तुकड्या, ज्यांना एकमेकींचे काय चालले आहे ते दिसणे शक्य नव्हते, एकाच वेळी खानाच्या तळावर तुटून पडल्या. संदेश म्हणून पाहिले, तर तो केवढासा? एक आवाज. त्यात ना आकडा, ना हुकूम. परंतु कोणी कोठे उभे राहावयाचे, आवाज झाल्यावर कोणती वाट अडवावयाची, आणि आवाज झालाच नाही तर काय करावयाचे, हे सारे आधीच्या मसलतीत ठरलेले असल्यामुळे तो एक आवाज पुरेसा झाला.

याच्या अगदी उलट प्रकार मिरजेच्या पटवर्धन सरदारांच्या दप्तरात पाहावयास मिळतो. मिरजेत शिक्षकी करणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने त्या दप्तरातील पत्रे खंडोखंडी प्रसिद्ध केली. त्या काळी लष्कराच्या मुक्कामाहून घराकडे आणि घराहून मुक्कामाकडे जासूद-हरकाऱ्यांची सारखी ये-जा चालू असे, आणि त्यांच्या झोळीतील कागदांत कूच-मुक्कामाच्या हकिकती, दाणावैरणीची टंचाई, पैशाची निकड व दरबारची कानगोष्ट असे सारे काही असे. मजकूर भरघोस, परंतु पोचेपर्यंत शिळा; म्हणून घेणारा आणि देणारा दोघेही पत्राच्या तारखेकडे पाहून मधल्या दिवसांत काय घडले असेल याचा अंदाज बांधीत. तारीख पाहिल्यावाचून बातमीवर हुकूम सोडावयाचा नाही, ही शिस्त त्यांना अंगवळणी पडलेली होती. ती शिस्त आज आपण गमावली आहे, असे मला पुढे सांगावयाचे आहे.

तिसरा प्रकार इंग्रजांनी आणला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा मिळवून माल्कमपेठ वसविली, आणि पुढे मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी, पावसाळ्यात पुण्यास व हिवाळ्यात मुंबईस असा फिरता कारभार करू लागले. गव्हर्नर डोंगरावर, दप्तर बहुतांशी मुंबईस, आणि दोहोंच्या मध्ये डाक व पुढे तारायंत्र, अशी ही रचना होती. निर्णय घेणारा मनुष्य ज्या प्रदेशाविषयी निर्णय घेतो, तेथून दूर थंड हवेत बसला असता कागद त्याच्याकडे जातात, परंतु त्या कागदांमागची धग जात नाही, हा या रचनेचा दोष होता. आणि यंत्रे बदलली, तरी तो दोष पूर्णपणे गेलेला नाही.

या पार्श्वभूमीवर आजचे काम किती निराळ्या वेगाचे आहे, हे कळण्यासाठी कोयनेचा एक हिशेब मांडून पाहावा. कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे आणि साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). या क्षेत्रावर सर्वत्र १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि भिजून तुडुंब झालेल्या जमिनीने त्यातील काहीच शोषले नाही असे धरले, तर तीन टीएमसीहून थोडे अधिक पाणी होते. पाऊस ४०० मिलिमीटर झाला, तर साडेबारा टीएमसी. एक टीएमसी पाणी चोवीस तासांत येण्यासाठी प्रवाह ११,५७४ क्युसेक्स (सेकंदाला घनफूट) लागतो. म्हणजे अशा दिवशी जलाशयात सरासरीने सुमारे १,४५,००० क्युसेक्स पाणी येत असते, आणि ऐन भराच्या घटकेला याहून कितीतरी अधिक. पायथा वीजगृहातून सोडले जाते ते पाणी सुमारे २,१०० क्युसेक्स, म्हणजे त्या वाटेने एक टीएमसी बाहेर पडण्यास साडेपाच दिवस हवेत. धरणात पंधरा टीएमसीची जागा शिल्लक असली, तरी सांडव्याच्या सहा वक्री दरवाजांविषयी निर्णय घेण्यास अधिकाऱ्याच्या हाती जेमतेम एक दिवस आणि काही तास राहतात.

त्यातच आणखी एक गाठ आहे. कोयनेचे पाणी पोफळीकडे पश्चिमेस वळवून वीज करतात, आणि ते पाणी वाशिष्ठीत जाते. पूर्वेकडे सांगलीची चिंता म्हणून पश्चिमेकडे अधिक पाणी काढावे, तर त्या नदीकाठच्या चिपळूणची चिंता उभी राहते.

हा हिशेब दर तासाला नव्याने मांडणारा मनुष्य धरणावर असतो. भर पावसाळ्यातील रात्री शाखा अभियंत्याला जलाशयाची पातळी वाचावयाची असते, तीवरून आवक काढावयाची असते, वरिष्ठांना दूरध्वनी करावयाचा असतो, "साहेब, जोर वाढलाय, दरवाजे आणखी फूटभर घ्यावे लागतील," असे सांगून संमती मिळवावयाची असते, भोंगा वाजवावयाचा असतो, नदीकाठच्या गावांना आगाऊ इत्तिला गेली की नाही याची खातरजमा करावयाची असते, दरवाजे चालविणाऱ्या माणसांपाशी उभे राहावयाचे असते, आणि हे चालू असतानाच पाच-सहा व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर तेच आकडे निरनिराळ्या साच्यांत भरून पाठवावयाचे असतात. जिल्हाधिकारी कचेरीच्या नियंत्रण कक्षाला एक तक्ता हवा, मंडळ कार्यालयाला दुसरा, पुण्याला तिसरा. शिवाय पत्रकार, आमदारांचे स्वीय सहायक आणि ओळखीचे गावकरी. जगभर दूरस्थ सहकार्याचा विचार करणारे लोक सध्या याच गोष्टीने चिंतित आहेत: एकाच माणसाला एकाच वेळी अनेक पथकांचा सभासद केले, म्हणजे प्रत्येक पथकाला वाटते की तो आपलाच आहे, आणि त्याचे अवधान कोणाच्याच वाट्याला पुरते येत नाही. कोयनेवरच्या त्या माणसाला कोणीही दुसरे काम सांगू नये, असा एखादा हुकूम पावसाळ्यापुरता तरी निघावयास हवा.

यंत्रांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने केलेली प्रगती मनापासून वाखाणण्यासारखी आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा या दोन खोऱ्यांसाठी तत्क्षणी माहिती गोळा करण्याची व्यवस्था उभी राहिली. दूरच्या पर्जन्यमापकांतील व नदीकाठच्या पातळीमापकांतील आकडे उपग्रहाच्या आणि मोबाइलच्या मार्गाने आपोआप पुण्यास पोचावेत, तेथे डेन्मार्कच्या जलसंस्थेने तयार केलेल्या गणिती प्रतिमानात ते घालावेत, आणि पुढील काही तासांत कोणत्या पुलाखाली पाणी किती येईल याचे भाकीत काढून धरणांच्या विसर्गाचा मेळ बसवावा, अशी ही योजना. पुण्याच्याच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरात मेघांच्या अभ्यासासाठी उंचावरील प्रयोगशाळा स्थापन केली. ज्या पठारावर शंभर वर्षांपूर्वी एखादा कारकून भर पावसात कंदील घेऊन मापकाकडे जात असेल, तेथील वार्ता आज माणसाच्या हाताशिवाय पुण्यास येते, ही गोष्ट लहान नाही.

असे असूनही २०१९ घडले. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस हटला नाही. कोयना, वारणा आणि पंचगंगेकडील सर्व धरणे जवळजवळ एकाच वेळी भरली, आणि आयर्विन पुलाखाली, जेथे ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका मानतात, पाणी साडेसत्तावन फुटांच्या आसपास गेले. १९२९ मध्ये बांधलेल्या त्या पुलाच्या आठवणीत २००५ चा महापूर सर्वांत मोठा होता. तोही मागे पडला. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेल्यामुळे मदतीच्या वाटाच खुंटल्या, वीज गेली, आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले. म्हणजे ज्या घटकेला तत्क्षणी वार्तेची गरज सर्वाधिक, नेमक्या त्या घटकेला तिचे साधन नाहीसे झाले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट रोजी गावाच्या बोटीतून सुटू पाहणारी माणसे बोट उलटून बुडाली. त्या गावाला पाणी येणार ही बातमी नव्हती असे नाही. कृष्णा आणि येरळेच्या मध्ये वसलेल्या गावाला पाणी काय ते सांगावे लागत नाही. परंतु किती पाणी, किती वाजता, आणि तोवर सरकारी बोट पोचणार की नाही, ही तीन उत्तरे वेळेवर मिळाली नाहीत, तर माणसे हाताशी असेल त्या साधनावर विसंबतात.

त्या दिवसांत दुसरेही एक सहकार्य आपोआप उभे राहिले. पुण्या-मुंबईत आणि परदेशांत असलेली सांगली-कोल्हापूरची मुले रात्रंदिवस दूरध्वनीपाशी बसून कोणत्या गल्लीत कोण अडकले आहे याच्या याद्या करीत होती, नकाशे पाठवीत होती, औषधे व अन्न यांची जुळवाजुळव करीत होती. या तळमळीविषयी मला अपार आदर आहे. तथापि त्यातील उणीवही नमूद करणे भाग आहे. एकाच घराची हाक अनेक याद्यांत गेली, सुटका झालेल्यांची नावे खोडली गेली नाहीत, आणि पाठविल्याची वेळ नसलेला जुना मजकूर पुढे-पुढे सरकत राहून नव्या भीतीचे कारण झाला. पटवर्धनांच्या कारकुनाने पत्राच्या माथी तारीख घातल्यावाचून कागद हलविला नसता. आपल्या संदेशाला वेग आला, आणि त्या वेगाच्या भरवशावर आपण तारीख, वेळ, स्थळ व सांगणाऱ्याचे नाव ही चार अंगे गाळू लागलो. संकटकाळच्या प्रत्येक संदेशात ही चार अंगे असलीच पाहिजेत, एवढी साधी शिकवण शाळेपासून दिली, तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

या महापुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली व तिने २०२० मध्ये अहवाल दिला. अतिवृष्टी आणि पूरपट्ट्यातील अतिक्रमणे यांवर समितीने भर दिला, आणि २०१९ च्या पुराचा मुख्य दोष आलमट्टीवर टाकता येत नाही असे मत नोंदविले. हे मत नदीकाठच्या अनेकांना पटलेले नाही. त्यांचा अनुभव निराळा आहे, आणि तो उडवून लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु येथे मला जो मुद्दा महत्त्वाचा वाटतो, तो निकालाचा नसून पुराव्याचा आहे. आलमट्टीच्या जलाशयाची पातळी, त्यात येणारे पाणी आणि त्यातून सुटणारे पाणी, हे तीन आकडे दोन्ही राज्यांच्या लोकांना एकाच घटकेला, एकाच फळ्यावर दिसले असते, तर या वादाचा अर्धा भाग वाद राहिलाच नसता. त्या ऑगस्टात आलमट्टीचा विसर्ग वाढत-वाढत पाच लाख क्युसेक्सच्या वर नेण्यात आला, पण त्यासाठी मंत्र्यांच्या आणि सचिवांच्या पातळीवर बोलणी करावी लागली. ज्या निर्णयाला दोन अभियंत्यांचा एक दूरध्वनी पुरावयास हवा, त्याला दोन सरकारांची रदबदली लागते, तेथे यंत्रे कितीही वेगवान असली, तरी काम मंत्रालयाच्या गतीनेच होणार.

त्यातून मापांची तऱ्हा अशी की, आयर्विन पुलावर फूट, आलमट्टीत समुद्रसपाटीपासून मीटर, विसर्ग कोठे क्युसेक्समध्ये तर कोठे क्युमेक्समध्ये (सेकंदाला घनमीटर), साठा कोठे टीएमसीत तर कोठे दशलक्ष घनमीटरांत. आलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर म्हटल्याने आयर्विनवरच्या माणसाला काही बोध होत नाही, आणि आयर्विनला अडतीस फूट म्हटल्याने आलमट्टीच्या अभियंत्याला होत नाही. जाणत्याला ही रूपांतरे अवघड नाहीत; परंतु रात्री दोन वाजता, तिसऱ्या पाळीत, घाईत केलेले रूपांतर हे चुकांचे माहेरघर असते. "दादा, पाणी किती फुटावर आलंय?" असे विचारणाऱ्या भिलवडीच्या शेतकऱ्याला जे उत्तर द्यावयाचे, तेच उत्तर सर्व कचेऱ्यांच्या तक्त्यांत पहिल्या रकान्यात असावे, बाकीची मापे त्याच्या शेजारी खुशाल असोत.

जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी बंगळूरला जाऊन कर्नाटकाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची भेट घेतली, आणि माहितीची देवाणघेवाण तत्क्षणी व्हावी असे ठरले. पाऊस सुरू झाल्यावर भेटण्याऐवजी आधी भेटणे, हीच यातील मोलाची गोष्ट होती. पुढच्याच महिन्यात परीक्षा झाली. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरी ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे डोंगर खचून वस्त्या गाडल्या गेल्या; आणि आयर्विनखालचे पाणी पुन्हा पंचावन्न फुटांच्या जवळ पोचले. २०१९ पेक्षा सांगलीतील लोक लवकर हलले, कारण इशारा लवकर मिळाला आणि त्याहीपेक्षा लोकांचा त्यावर विश्वास बसलेला होता. पाटणच्या डोंगरउतारांवर मात्र अशी कोणतीही व्यवस्था नव्हती. नदीसाठी ठाणी आहेत, प्रतिमाने आहेत, समूह आहेत. दरडीसाठी त्या रात्री एक पोलीस पाटील आणि त्याचा बंद पडलेला दूरध्वनी याखेरीज काय होते?

बाहेरच्या जगात या प्रश्नाचे जे जुने उत्तर सांगतात, ते अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचे. १९३३ मध्ये तेथे एका कायद्याने अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नदीवरची धरणे एका प्राधिकरणाच्या हाती दिली गेली, आणि नौकानयन व पूरनियंत्रण आधी, वीज नंतर, असा क्रम त्याच कायद्यात घातला गेला. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९४८ मध्ये दामोदर खोरे निगम स्थापन झाले, आणि दामोदरच्या जलाशयांचे नियमन केंद्रीय जल आयोगाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समिती करते. तरीही पश्चिम बंगाल आणि निगम यांच्यातील तक्रारी दरवर्षी ऐकू येतात. तेव्हा मंडळ नेमले की प्रश्न मिटला, इतके हे सोपे नाही. परंतु कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात तेवढेही नाही. बच्छावत लवादाने राज्याराज्यांत कृष्णेच्या पाण्याचे वाटप केले. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये नवा निवाडा देऊन आलमट्टीची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली; तो निवाडा राजपत्रात प्रसिद्ध होणे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे अडून राहिले. हे सारे भांडण पाणी कमी असण्याचे आहे. पाणी जास्त झाले असता कोणी कोणास विचारावयाचे, आणि न विचारता कोणी काय करावयाचे, याविषयी दोन राज्यांच्या अभियंत्यांनी सह्या केलेला, दोन्ही भाषांत छापलेला, प्रत्येक दरवाजापाशी टांगलेला असा एक पानभर मजकूर हवा.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या कामाला तासांचाच अवधी आहे, त्याची मसलत महिने आधी झाली पाहिजे; यंत्रांनी संदेशाचा वेळ घटविला, त्याबरोबर ही आगाऊ मसलतही घटवता येईल, असा जो समज सरकारी कचेऱ्यांत व खासगी कंपन्यांतही रूढ झाला आहे, तो सर्वस्वी चुकीचा आहे. प्रत्येक धरणाची परिचालन सूची असते. कोणत्या तारखेला साठा किती असावा हे तीत लिहिलेले असते. परंतु सिंचन आणि वीज यांसाठी धरण भरावे ही ओढ एका बाजूस, आणि पुरासाठी ते रिकामे ठेवावे ही ओढ दुसऱ्या बाजूस, अशा ओढाताणीत ऐन जुलैमध्ये दरवाजा लवकर उचलणाऱ्या अधिकाऱ्याला, पुढे पाऊस न पडल्यास, पाणी वाया घालविल्याचा ठपका सोसावा लागतो. सूचीबरहुकूम वागणाऱ्यास संरक्षण मिळेल, असे सरकारने आधी लेखी सांगितले, तर त्याला वरच्या संमतीची वाट पाहत बसावे लागणार नाही. ही मसलत मार्च-एप्रिलात, नदी पायांनी ओलांडता येते तेव्हा, कराडास, सांगलीस आणि आलमट्टीस आळीपाळीने भरावी. तीत मुख्य अभियंत्यांइतकाच मान धरणावरील चौकीदाराला आणि पूरपट्ट्यातील सरपंचांना असावा. आणि वीज, दूरध्वनी व रस्ता तिन्ही बंद आहेत असे गृहीत धरून एक दिवस रंगीत तालीम करावी.

एक बाब मात्र या खोऱ्याच्या चौकटीत बसतच नाही. महाबळेश्वरच्या पाच नद्यांपैकी सावित्री पश्चिमेस उडी घेते आणि पोलादपूरवरून महाडास जाते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल तिच्या पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसह वाहून गेल्या; २२ जुलै २०२१ ला महाड शहर बुडाले आणि त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. महाडच्या व्यापाऱ्याला महाबळेश्वरच्या पावसाचा आकडा सांगलीकराइतकाच, किंबहुना अधिक निकडीने हवा असतो, कारण सांगलीला दीड-दोन दिवसांची उसंत मिळते, तर महाडला मोजके तास. परंतु सावित्री कृष्णेच्या खोऱ्यात मोडत नाही, रायगड जिल्हा दुसऱ्या महसुली विभागात, आणि कृष्णा-भीमेसाठी पुण्यास उभारलेल्या व्यवस्थेचा हेतूही महाडला इशारा देण्याचा नव्हे. महाबळेश्वरच्या मापकाचा आकडा ज्या क्षणी पुण्याकडे रवाना होतो, त्याच क्षणी तो महाडच्या नगरपरिषदेत, पोलादपूरच्या तहसील कचेरीत आणि आंबेनळी घाटाखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावलेल्या फळ्यावर उमटला पाहिजे. आणि विशिष्ट मर्यादा ओलांडताच, कोणाच्याही संमतीची वाट न पाहता, महाडच्या बाजारपेठेत भोंगा वाजला पाहिजे. त्यासाठी नवे शास्त्र लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही. दोन महसुली विभागांच्या आयुक्तांनी एका कागदावर सही करावयाची आहे.